कर्णिकांच्या संगणकातला आवाज

१

फोल्डर जागच्या जागी होतं. नावही तेच, 'धवले'. उघडलं की आत मात्र एकही फाइल नाही.

अंतरा गुप्तेने ते तीनदा बंद करून तीनदा उघडलं. वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात बसून लोकांचे शेवटच्या घटका मोजणारे संगणक लिनक्स या मोफत प्रणालीवर चालते करून देणं हा तिचा धंदा. असं रिकामं फोल्डर दिसलं की नव्वद टक्के वेळा यंत्र नाही, माणूस चुकलेला असतो, हे तिचं ठाम मत होतं आणि ते ती गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायची. आज मात्र तिने जीभ आवरली. डोंबिवलीतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत तिच्या खुर्चीमागे दोघं श्वास रोखून उभे होते, आणि ज्यांचा हा संगणक, ते हरिहर कर्णिक तीन महिन्यांपूर्वीच गेले होते.

"एकेचाळीस रेकॉर्डिंग्ज होती," प्रणित नाखवा म्हणाला. "सगळी आमच्या आजीची."

प्रणित अंतराच्या शेजारच्या गाळ्यात डाय, म्हणजे पत्रा घडवायचे साचे, बनवायचा, आणि तोच तिला इथे घेऊन आला होता. त्याची आजी सरस्वतीबाई म्हणजे ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली धवलारीण. लग्नाच्या प्रत्येक विधीला तिने धवला गायचा, मगच तो विधी पुढे सरकायचा. गाणी सगळी तिच्या तोंडात, कागदावर एक ओळ नाही. हरिहर कर्णिक निवृत्त झाल्यावर सहा वर्षं तिच्यासमोर माइक घेऊन बसले. दिवाळीनंतर सरस्वतीबाईंना झटका आला आणि वाचा गेली. पंधराच दिवसांत कर्णिक हृदयविकाराने गेले. गाणारी मुकी झाली आणि ऐकणाराही उरला नाही.

"माझ्या बहिणीची, प्राप्तीची हळद शनिवारी हाय," प्रणित म्हणाला. "आजी गेली तीस वर्षं वाड्यातल्या पोरींना गाते, आणि सख्ख्या नातीची हळद मुकी लागणार? ताई, कायपण कर."

आज मंगळवार होता.

"डिलीट झालंय गं," दुसऱ्या बाजूने अनिमेष म्हणाला. हा कर्णिकांचा पुतण्या, ठाण्यातल्या एका मोठ्या कंपनीत नोकरीला. "गाणी मिळेपर्यंत मशीनला हात लावायचा नाही असं ठरलंय, म्हणून गप्प आहे. नाहीतर मी केव्हाच सगळं पुसून विंडोज टाकलं असतं. मागच्याच्या मागच्या रविवारी अपडेट केलं आणि आवाजच गेला. तीन तास त्या साउंड ड्रायव्हरशी झटलो, मेलेलाच."

अंतराने तपासलं. खरंच होतं. संगणकाच्या लेखी त्याच्या पोटात साउंड कार्डच नव्हतं.

"आवाज येतो पण," प्रणित हळूच म्हणाला.

अंतराने मागे वळून पाहिलं.

"काकांचा. चार वाजता. शुक्रवारी मी न सांगता आलेलो, पुन्हा शोधून बघू म्हणून. बेल वाजवणार, तर आतून काका बोलले. माझे हातपाय गार."

अंतराला वाटलं अनिमेष आता हसेल. अनिमेष हसला नाही. "शनिवारी जिन्यात मी पण ऐकला," तो म्हणाला. "आत आलो तर मशीन बंद. चालू करून बघितलं तर आवाज नाहीच. तळमजल्यावरच्या हेमांगीताई चारच्या सुमाराला वर येईनाशा झाल्यात."

मंदाकिनीबाई कर्णिक चहाचा ट्रे घेऊन आल्या. सत्तरीच्या, किरकोळ बांध्याच्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. "घ्या, निवतोय," एवढंच म्हणाल्या.

"काकू, पासवर्ड लागेल मला," अंतरा म्हणाली.

"मोठा एम, मग ए एन डी ए, एकोणीसशे पंचाहत्तर, हॅश," कपबशा मांडता मांडता त्यांनी सांगून टाकलं. "बाकी मला बाई त्यातलं काही कळत नाही."

तीन वाजता अनिमेष आणि प्रणित आपापल्या कामाला गेले. साडेतीनला मंदाकिनीबाई अवघडून म्हणाल्या, "अगं, माझे डोळ्यांचे थेंब संपलेत. काचबिंदू आहे मला. मानपाडा रोडवरच्या दुकानातून आणून देशील? तोवर ते बंद करून ठेव, तापतं फार."

अंतराने संगणक बंद केला आणि गेली. दुकानात गर्दी होती. परत जिना चढताना तिने घड्याळात पाहिलं तर चार. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पाय टाकला आणि बंद दाराआडून एका म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज आला, स्वच्छ, सावकाश.

"मंदा, चार वाजले. आज मंगळवार. दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब. आणि पाच मिनिटं मिटून बस, लगेच स्वयंपाकघरात पळू नकोस."

२

अंतराचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. तरी तिच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि त्याची तिला स्वतःचीच लाज वाटली. उरलेल्या पायऱ्या ती भराभर चढली. मग बेल वाजवली.

दार उघडायला बराच वेळ लागला. मंदाकिनीबाईंच्या हातात कापसाचा बोळा होता. डोळे ओले होते.

"आत कोण बोलत होतं, काकू?"

"कोण बोलणार बाई, मी एकटीच तर आहे."

अंतरा खोलीत गेली. संगणक बंद. खिडकीतलं ऊन टेबलाखालच्या पुरुषी चपलांच्या जोडावर पडलं होतं, तीन महिन्यांत त्या कोणी हलवलेल्या दिसत नव्हत्या. तिने संगणकाच्या डब्याच्या मागच्या जाळीला तळहात लावला. अर्ध्या तासापूर्वी बंद केलेलं यंत्र असं गरम राहत नाही, हे आताच चालून थांबलेलं होतं. तिने ते सुरू केलं. कर्णिकांचा आवाज सोडाच, साधी टिंगसुद्धा वाजली नाही. साउंड कार्ड पुन्हा बेपत्ता. मघाशी ऐकलं ते मग कुठून आलं, हा विचार मानेवर मुंगीसारखा चालत राहिला.

थेंबांची बाटली ठेवायला ती फ्रिजपाशी गेली. दाराच्या कप्प्यात तशाच दोन बाटल्या होत्या, न फोडलेल्या. ओट्यावरच्या मिक्सरकडे तिची नजर गेली. त्याची वायर गुंडाळून पांढऱ्या दोऱ्याने बांधलेली होती, दर दोन बोटांवर एक चपटी गाठ, सगळ्या गाठी एका ओळीत. असं काम हल्ली कोणी करत नाही, तिला कौतुक वाटलं.

"किती सुरेख बांधलंय, काकू."

"सवय," मंदाकिनीबाई म्हणाल्या आणि वायर कोपऱ्यात सरकवली.

निघण्यापूर्वी अंतराने संगणकाच्या नोंदी पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या. लिनक्स हा मोठा चोंबडा प्राणी आहे, कोण कधी आलं, काय लावलं, काय काढलं, सगळं तो लिहून ठेवतो आणि कोणी विचारेपर्यंत गप्प बसतो.

संध्याकाळी तिने अनिमेषला फोन लावला. "गेल्या आठवड्यात फोल्डर शेवटचं भरलेलं कधी बघितलंस?"

"अपडेट केलं त्या रविवारी. एकेचाळीस फाइली मोजल्या मी. मंगळवारी काकूला फोन केला, गुरुवारी प्रणित येऊन कॉपी करेल, मग मी मशीन पुसून नवं करतो म्हणून. गुरुवारी तो आला तर फोल्डर रिकामं. आता तूच सांग, पेनड्राइव्ह घेऊन कोण आलेलं?"

"बुधवारी तू कुठे होतास?"

"ऑफिसात, अजून कुठे? सकाळी नऊपासून. माझ्यावर संशय घेतेस की काय?"

"सगळ्यांवर घेते," अंतरा म्हणाली. "स्वस्त पडतं."

बुधवारी सकाळी गाळ्यापाशी प्रणित तिची वाटच पाहत होता. अनिमेष काय म्हणाला हे कळल्यावर तो उखडला. "मी नेली? आमचीच गाणी मी चोरीन? काल काकू बोलल्या तवर मना तर पासवर्डपण ठाव नव्हता! त्यानेच अपडेटच्या नादात घालवली असतील, आता माझ्या माथी मारतो. ताई, काल आजी हातानेच विचारत होती, काय झाला म्हणून. तिला काय सांगू मी?" बोलता बोलता त्याचा आवाज फुटला आणि तो पाठ फिरवून मशीनकडे गेला.

अंतराने शटर अर्धं ओढलं आणि नोंदी उघडल्या. तिसऱ्याच पानावर तिचा चहा हातातच राहिला.

३

लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नेल. साउंड कार्डासारखे भाग चालवणारे ड्रायव्हर नावाचे छोटे प्रोग्रॅम त्या गाभ्याला धरून असतात. अपडेट केलं की नवा गाभा येतो, पण जुना लगेच फेकला जात नाही. नव्या घरात राहायला गेल्यावरही जुन्या घराची किल्ली काही दिवस जवळ ठेवावी, तसा तो पडून असतो, आणि सुरू होताना पडद्यावर येणाऱ्या यादीतून हाताने निवडला तर चालतोही.

कर्णिकांनी आपल्या रेकॉर्डिंगच्या साउंड कार्डासाठी ड्रायव्हर स्वतः बांधून जुन्या गाभ्यात बसवला होता. अनिमेषच्या अपडेटने नवा गाभा आणला, त्यात तो ड्रायव्हर बसला नाही, आवाज गेला. इथवर सरळ होतं.

पण अपडेटच्या दुसऱ्याच दिवसापासून, सोमवारपासून, रोज दुपारी, पावणेचारच्या आसपास, कोणीतरी संगणक जुन्या गाभ्यावर सुरू करत होतं. चार दहाला बंद. सोमवार, मंगळवार, बुधवार, एकही दिवस चुकलेला नाही. कालही, ती औषधाच्या दुकानात रांगेत उभी असताना, तीन सत्तेचाळीसला. बाकी ज्या ज्या वेळी अनिमेषने, प्रणितने किंवा तिने स्वतः सुरू केला, तेव्हा नवा गाभा आणि मुका संगणक.

आवाजाचा उगमही सापडला. चार वाजता आपोआप चालणारी एक छोटी आज्ञा, तिच्यासोबत सात फाइली, सोमवार ते रविवार. पत्नीच्या थेंबांची आठवण करून देण्यासाठी कर्णिकांनी जिवंतपणीच करून ठेवलेली सोय. ते गेले, पण ती आज्ञा मागे घ्यायची राहिली आणि संगणक इमानेइतबारे रोज चार वाजता त्यांच्या आवाजात बोलत राहिला.

अंतराला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बोलणारा मेलेला असला तरी यादीतून ओळ निवडणारं बोट जिवंत होतं, आणि ते कोणाचं हे कळल्याशिवाय धवले मिळणार नव्हते.

तिने गेल्या बुधवारची नोंद उघडली. दुपारी तीन सेहेचाळीसला संगणक उठला तेव्हा त्याने आपल्या पोटातल्या डिस्क मोजल्या होत्या, दोन. एकीवर लिनक्स, दुसरी 'धवले' या नावाने जोडलेली. त्यानंतरच्या प्रत्येक नोंदीत डिस्क एकच होती.

फाइली पुसल्या गेल्याच नव्हत्या. डिस्कच उचलून नेली होती, आणि मागे राहिलं होतं ते रिकामं फोल्डर, त्या डिस्कचं नुसतं दार.

४

दुपारी दोनला ती पुन्हा डोंबिवलीत होती. मंदाकिनीबाई आत पोळ्या लाटत होत्या, लाटण्याचा आवाज येत होता. अंतराने आधी एक यादी उघडली. सुरू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची ते संगणक या यादीत बघतो. त्यात कर्णिकांनी मराठीत टीप लिहून ठेवली होती: 'ही डिस्क काढायची झाल्यास आधी खालची ओळ बंद करावी, नाहीतर संगणक अर्ध्यात अडकेल.' खालच्या ओळीच्या आरंभी कोणीतरी एक हॅश, म्हणजे # हे चिन्ह, टाकला होता. हॅश टाकला की ती ओळ संगणकाच्या लेखी नसते. हा बदल झाल्याची वेळ होती गेला बुधवार, दुपारी तीन बावन्न.

म्हणजे घाईने हिसकलेली तार नव्हती ही. मेलेल्या माणसाची सूचना वाचून, ती पाळून, शिस्तीत केलेलं काम होतं.

तिने संगणक बंद केला, प्लग काढला, डब्याच्या बाजूचे स्क्रू सोडले. आत सहा वर्षांची बारीक धूळ होती आणि त्या धुळीत एक स्वच्छ चौकोन. डिस्क आधी तिथे होती. आता तिच्या दोन मोकळ्या तारा उरल्या होत्या, पंख्यात अडकू नयेत म्हणून एकत्र करून कडेला बांधलेल्या.

पांढऱ्या दोऱ्याने. दर दोन बोटांवर एक चपटी गाठ, सगळ्या एका ओळीत.

अंतराने एका गाठीवरून बोट फिरवलं. आतलं लाटणं थांबलं होतं. तिने मान वर केली तर मंदाकिनीबाई दारात उभ्या होत्या, पिठाचे हात तसेच.

"चहा टाकू?" त्यांनी विचारलं.

"चहा नको, काकू," अंतरा म्हणाली. "बसा."

५

मंदाकिनीबाई पलंगाच्या कडेवर बसल्या. अंतराने चढा आवाज केला नाही. तिने फक्त एकेक सांगत नेलं.

"प्रणितला तेव्हा पासवर्ड माहीत नव्हता, तो यादीत हॅश टाकू शकत नव्हता. अनिमेषला पासवर्ड माहीत आहे, पण जुना गाभा पडून आहे हे त्याला माहीत असतं तर तो ड्रायव्हरशी तीन तास झटला नसता. आणि बुधवारी तो ऑफिसात होता. राहिलं कोण? या घरात रोज पावणेचारला कोण असतं? थेंब घरात असताना मला थेंब आणायला कोणी पाठवलं? काल मी गाठींचं कौतुक केलं तर तुम्ही वायर लपवलीत. काकू, ज्या बाईला यातलं काही कळत नाही, ती पासवर्ड सांगताना न अडखळता हॅश म्हणते?"

मंदाकिनीबाईंनी पिठाचे हात पदराला पुसले. "टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढली मी," त्या म्हणाल्या. "हजारो जोड्या तारांच्या. अशाच बांधायच्या आम्ही, बोटं सोलवटून निघायची. हा डबा यांनी आणि मी मिळून जोडलाय. यांचा हात थरथरायचा शेवटी, त्या टिपा मीच टाइप केल्यात. आवाज गेला तर दुसरी ओळ निवड, हे यांनीच दाखवलेलं."

"मग सगळ्यांना का सांगता कळत नाही म्हणून?"

"मी कुठे सांगत फिरते? हे असतानाही लोक यांनाच विचारायचे आणि मला चहा मागायचे. आता हे नाहीत तर अनिमेषला विचारतात. म्हटलं, बरंय. नाही कळत तर नाही कळत." त्यांनी उघड्या डब्याकडे पाहिलं. "मंगळवारी अनिमेषचा फोन आला. गुरुवारी गाणी काढून घेतो आणि मग पुसून टाकतो म्हणाला. पुसून टाकतो! जसं काही ओटा पुसायचाय. गाणी निघाली की या डब्याची कोणाला गरज नव्हती. म्हटलं, गाणीच मिळाली नाहीत तर हात लावणार नाहीत."

"त्या पोरीची हळद आहे शनिवारी."

"ठाऊक आहे." त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. "रोज ठरवत होते, आज देऊन टाकू. मग चार वाजायचे. हे म्हणायचे, मंदा, चार वाजले. आणि मी म्हणायची, उद्या देईन. पाप केलं मी. कळून सवरून केलं."

अंतराने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. तिच्या वडिलांचा आवाज तिच्या जुन्या फोनमध्ये होता, 'पोचलीस की फोन कर' एवढाच. नवा फोन घेताना तिने तो स्वतःच्या हाताने पुसला होता, जागा होत नव्हती म्हणून. ती हे आजवर कोणाला बोलली नव्हती. आज बोलली. मंदाकिनीबाईंनी आपला हात तिच्या डोक्यावर ठेवला.

मग त्या उठल्या. देवघराखालचा कप्पा उघडून त्यांनी एक राखाडी कानटोपी काढली. तिच्यात डिस्क होती, स्क्रूंची पुडी तिलाच बांधलेली.

"पुसणार आता?" त्यांनी विचारलं.

"काही पुसायचं नाहीये, काकू. नवा गाभा मी काढून टाकते आणि जुन्यालाच कुलूप लावते, पुन्हा अपडेट आलं तरी बदलणार नाही. ड्रायव्हर जिथे आहे तिथेच राहील. त्या सात फाइलींच्या दहा प्रती करून देते. अनिमेष म्हणत होता तसं पुसायची काही गरजच नव्हती."

"असं होय?" मंदाकिनीबाई म्हणाल्या. "मला कोणी सांगितलंच नाही."

"तुम्हाला कोणी विचारलंच नाही," अंतरा म्हणाली. त्या दोघींनाही मग थोडं हसू आलं.

डिस्क बसवली, हॅश काढला, यंत्र उठलं. फोल्डर उघडलं तर एकेचाळीसच्या एकेचाळीस फाइली. नीट आहेत ना बघायला अंतराने पहिलीवर टिचकी मारली. खाडीवरचा वारा ऐकू आला, लांब एक होडीचं इंजिन, आणि मग कर्णिक म्हणाले, "हं, सरस्वतीबाई, माइकला घाबरायचं नाही, तो चावत नाही," आणि स्वतःच खदखदून हसले.

मंदाकिनीबाईंनी तोंडावर हात ठेवला. ते सात दिवसांचे सात आवाज औषधाचे होते, त्यात हसणं नव्हतं. "हे ऐकलंच नव्हतं मी कधी," त्या म्हणाल्या. "तिकडे जाऊन असे हसायचे? या एवढ्या डिस्कमध्ये हे सगळं होतं, आणि मी कप्प्यात कोंडून ठेवलं."

"प्रणितला काय सांगायचं?" अंतराने विचारलं.

"तू काही सांगू नकोस. मी येते शनिवारी. मी सांगते."

६

शनिवारी दुपारी चेंदणी कोळीवाड्यात नाखवांच्या अंगणात मांडव होता. मंदाकिनीबाई आधी प्रणितला एका बाजूला घेऊन गेल्या. अंतराने लांबून पाहिलं. प्रणितचा चेहरा लाल झाला आणि हाताच्या मुठी वळल्या. शेवटी त्याने एक खुर्ची ओढली, फडक्याने पुसली आणि म्हणाला, "बसा काकू."

प्राप्ती हिरव्या साडीत पाटावर बसली होती. तिच्यासमोर खुर्चीत सरस्वतीबाई, तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात मांडीवर निर्जीव. अंतराने लॅपटॉप स्पीकरला जोडला आणि पहिला धवला लावला.

"खारीच्या पान्याला गं आयलं उधान, नवरीच्या दारी गं हलदीचा मान..."

अंगणातली बडबड एका क्षणात थांबली. बाया एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या. गाणारी समोर बसलेली आणि आवाज तिच्या बाहेरून येतोय, हे बघणं सोपं नव्हतं. एकेक धवला झाला, त्याबरोबरचा एकेक विधी झाला. सरस्वतीबाईंचे ओठ हलत होते, पण त्यातून काही निघत नव्हतं. शब्द तोंडाशी येऊन परत जात होते.

मग एकेचाळिसावं रेकॉर्डिंग लागलं, हळद कपाळाला लावण्याआधीचं. गाणं अर्ध्यावर आलं आणि थांबलं. स्पीकरमधून कर्णिकांनी विचारलं, "बोला सरस्वतीबाई. पुढे?"

"म्होरचा नाय गायाचा," रेकॉर्डिंगमधल्या सरस्वतीबाई म्हणाल्या. "नवरी सामनं बसल, तवाच."

"बरं. मग मी थांबतो," कर्णिक म्हणाले. आणि फाइल संपली.

शेवटचा धवला पुरा रेकॉर्ड झालेलाच नव्हता. हळदीची वाटी हातात घेऊन उभी असलेली बाई तशीच थबकली. प्राप्तीने मान खाली घातली आणि तिचे खांदे हलायला लागले. तो धवला वाड्यात दुसऱ्या कोणालाही येत नव्हता. अंतराला वाटलं, आपण सगळं शोधलं आणि नेमकं हेच शोधायचं राहिलं, आणि हे आता कुठल्याच डिस्कवर नाही.

"ऐक," मंदाकिनीबाई तिच्या कानाशी म्हणाल्या, "हे विचारतात ना, तिथून परत लाव."

"काकू, पुढे काही नाहीये."

"असू दे. लाव."

अंतराने लावलं. "बोला सरस्वतीबाई. पुढे?" कर्णिक पुन्हा म्हणाले, तितक्याच आस्थेने, जसे खरंच समोर माइक धरून बसलेत. एक बाई पटकन पदर डोक्यावरून घेऊन मागे सरकली. अंतराने उत्तर येण्याआधीच फाइल थांबवली.

सरस्वतीबाईंनी स्पीकरकडे बघितलं. मग त्यांची नजर सावकाश नवरीवर आली आणि तिथेच थांबली. डावा हात मांडीवर एकदा पडला, दोनदा पडला. ओढलेल्या तोंडातून आधी नुसता सूर निघाला, कापरा, किनरा. त्या सुराच्या पाठीवर बसून शब्द आले, सगळेच्या सगळे, एकही न सांडता. तीन महिन्यांत ज्या बाईला पाणी मागता आलं नव्हतं, ती नातीसाठी गात होती.

असं होतं कधीकधी, बोलणं जातं आणि गाणं मागे राहतं, असं नंतर एका डॉक्टरांनी अंतराला सांगितलं. त्या वेळी तिला एवढंच सुचलं की हाताशी असलेला फोन काढावा आणि रेकॉर्डिंग सुरू करावं. प्रणित खांबाला टेकून लहान मुलासारखा रडत होता. हळदीचं पहिलं बोट प्राप्तीच्या कपाळाला लागलं.

धवला संपला. मंदाकिनीबाई लॅपटॉपकडे वळल्या, पडद्यावर थांबलेल्या त्या फाइलच्या नावाकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का?"